राहू दे, नवं आहे

प्रिय दादा,

घाबरू नकोस. बाबा घरी आहेत, जखम भरत आलीय, आणि या क्षणी ते आईशी भाजीतल्या मिठावरून हातवारे करून भांडत असतील. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं एवढं लांबलचक पत्र दिसल्यावर तू पहिली ओळ वाचायच्या आत छातीत धडधड सुरू करून घेणार, मला काय माहीत नाही? हे मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून. घरून फोनवर सांगता आलं नसतं. आपलं घर ते केवढं, आणि बाबांचे कान अजून तसेच तिखट आहेत. गेलाय तो फक्त आवाज. तेव्हा नीट बसून वाच, शेवटपर्यंत वाच. मधेच उठून फोन लावायचा नाही. रविवारीच लावायचा, नेहमीसारखा.

पहिली गोष्ट म्हणजे मी तुला धडधडीत थापा मारल्या. तू दर रविवारी जहाजावरून विचारायचास, मशीन कसं चाललंय, आणि मी म्हणायचे झकास. बाबा मागून ओरडायचे, "फर्स्टक्लास!" आई तर म्हणायची की इतकं गुणी मशीन तिनं जन्मात बघितलं नाही. सगळं खोटं रे. तू रजेत सुटे भाग आणून, जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून जो कॉम्प्युटर उभा केलास, तो तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बंद पडायला लागला आणि पडतच राहिला. तुला कळू द्यायचं नाही, हे आम्ही तिघांनी एकमेकांना न विचारताच ठरवून टाकलं. कारण निघताना तू दारात बाबांना काय म्हणालास ते तिघांच्याही कानात बसलं होतं. "ऑपरेशनला मी नाही, पण हे मशीन आहे." एवढं बोलून तू बॅग उचललीस आणि मागे न बघता जिना उतरलास. त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुझ्या जागी ठेवून गेलेलं मशीन धड अर्धा तास उभं राहत नाही?

तुला अर्धं माहीत आहे, पण मला क्रमानंच सांगू दे, नाहीतर माझा गोंधळ होतो. बाबांच्या गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रच काढावं लागेल, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. मग त्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी प्रोग्राम दिला. बाबांनी माइकसमोर बसून त्यातली वाक्यं वाचायची, प्रोग्रामनं ती ऐकून त्यांचा आवाज घडवायचा, आणि ऑपरेशननंतर बाबा जे टाइप करतील ते कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलणार. हे काम इंटरनेटवरून दुसऱ्यांच्या मोठ्या मशीनवरही होतं असं बाई म्हणाल्या, पण बाबांनी हट्टच धरला, की माझा आवाज कुणाच्या गोदामात पडायला नको, घरात राहू दे. म्हणून तर तू हा उद्योग हाती घेतलास. जन्मभर तरणतलावाच्या काठावरून पोरांना पोहायला शिकवलेला माणूस, ज्याला सगळं गाव भोंगा म्हणतं, त्याचा आवाज आता त्या काळ्या खोक्यात भरून ठेवायचा होता.

त्या प्रोग्रामची रीत अशी आहे. बाबांनी वाक्यांचा एक संच वाचायचा, मग बटण दाबायचं, की कॉम्प्युटर तो संच चावायला घेतो. चावून संपला की जमा. मधेच बंद पडला तर तो संच गेला, पुन्हा पहिल्यापासून वाचा. आणि हा पठ्ठ्या नेमका चावायला घेतला की बंद पडायचा. निळा पडदा नाही, सूचना नाही, कुरकुर नाही. पट्टी पुढे सरकतेय, सरकतेय, आम्ही तिघं श्वास रोखून बघतोय, आणि फट्! सगळं काळं, पंखेही गप्प. जरा वेळानं चालू करावा तर असा साळसूदपणे चालू, जसं काही झालंच नाही. दुपारी आई त्याच्यावर पत्ते खेळायची तेव्हा साधी शिंकही नाही. बाबांचा आवाज घातला की फट्. बाबा म्हणाले, याला माझा आवाज सोसत नाही, तलावावरही नव्या पोरांना सोसायचा नाही. त्यावर आम्ही हसलो.

ते हसू काही टिकलं नाही. बाबांचा गळा रोज थोडाच वेळ चालायचा, दादा. सकाळच्या चहानंतर जरा मोकळा असायचा, एक संच, फार तर दीड, मग खरखर, मग नुसती हवा. ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला की नुसता वेळ जात नव्हता, आवाज जात होता, आणि आजच्यापेक्षा उद्या तो कमीच असणार होता. ऑपरेशनची तारीख आईनं फ्रिजवर चिकटवली होती. पाणी प्यायला उठलं तरी ती समोर. तू म्हणशील मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचं होतं. केलं ना! पण मोबाइल स्वतःची अक्कल चालवून आवाज साफ करतो, आणि बाबांच्या आवाजातली ती खरखर, जी ऐकली की मला घरी आल्यासारखं वाटतं, ती त्याला कचरा वाटते. बाईंनी ऐकून मान हलवली. म्हणाल्या, यातून आवाज तयार होईल, पण तो तुमच्या वडिलांचा वाटणार नाही.

मग मी कंबर कसली. मला काय येतं कॉम्प्युटरमधलं? चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी बाई मी. पण तू जहाजावर, आणि तुला विचारायची सोय नाही. पहिला संशय विजेवर. एकदा पट्टी अर्ध्यावर असताना आईनं स्वयंपाकघरात मिक्सर लावला आणि त्याच वेळी फट् झालं. बिचारीवर मी अशी काही खेकसले, की तिनं त्या दिवसापासून मिक्सरला हात लावला नाही. वाटायचं ते सगळं हातानं वाटलं. नंतर तर ती संच सुरू झाला की फ्रिजही बंद करायची. दूध नासलं, पण कॉम्प्युटर काही सुधारला नाही. दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावून बघितला, वायर बदलून बघितली, तेच. मग मेमरी. व्हिडिओ बघून मी त्या दोन पट्ट्या काढल्या, त्यांची सोनेरी टोकं खोडरबरानं घासली, एकदा ही पट्टी ठेवून, एकदा ती ठेवून चालवला. मेमरी तपासायचा प्रोग्राम लावून दुकानात गेले, आले तर सगळं हिरवं, एकही चूक नाही. मग आवाजाच्या फाइली बाजूला काढून बाकी सगळं पुसून नव्यानं भरलं. तेव्हा बाबांचे आधीचे जमा झालेले मोजके संच तरी राहतायत का, या धास्तीनं मी पडद्यासमोरून हलले नाही. राहिले. पण पुढच्याच संचाला पुन्हा फट्.

तू म्हणशील, अगं गाढवे, तापतोय का ते बघायचं आधी. बघितलं रे! तेच तर सांगतेय. खोक्याची बाजू उघडी टाकली, आणि बंद पडल्या पडल्या आत हात घालून तो प्रोसेसरवरचा कूलर चाचपला, तो पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा आणि त्याला चिकटलेला पंखा. थंडगार. आईनं हात लावला, म्हणाली माठासारखा गार आहे. सुरू होतानाच्या पानावर प्रोसेसरचं तापमान दिसतं, तो आकडा लाल होता हे मी बघितलं होतं. पण हाताला गार लागतंय आणि आकडा म्हणतोय आग लागलीय, तर माणूस कुणावर विश्वास ठेवणार? मी म्हटलं आकडा सांगणाराच बिघडलाय. शिवाय तो कूलर तू बसवलेला. आठवतं ना, मी बाबांना स्कॅनला घेऊन गेले होते त्या दुपारी? आम्ही परत आलो तेव्हा पंखा फिरत होता, आणि तू पंख्याकडे न बघता आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत उभा होतास. अख्ख्या जहाजाचं इंजिन थंड ठेवायचं ज्याचं काम, त्यानं बसवलेला कूलर मी कशाला संशयानं बघू?

दुकानाच्या शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं पाच मिनिटं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, मदरबोर्ड गेलाय ताई, कंपनीकडे पाठवावा लागेल, परत यायला महिना धरा. महिना! मी खोका काखोटीला मारून तशीच बाहेर पडले. रस्त्यात रडू आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

घरात बोलणंच बंद झालं होतं. बाबा आवाज वाचवायला कुजबुजायचे, मग आम्हीही उगाच कुजबुजायला लागलो, जसं काही घरात कुणी आजारी तान्हं झोपलंय. आणि त्यातच रविवार यायचा. तुझा फोन. तू विचारणार मशीन कसं चाललंय, आणि बाबा आठवडाभर जपलेला गळा उघडून मागून ओरडणार, फर्स्टक्लास! त्या एका शब्दानंतर सोमवारी त्यांना एक संचही वाचता यायचा नाही. आई म्हणाली, अहो, निदान हळू तरी म्हणा. तर म्हणाले, हळू म्हटलं तर त्याला कळेल. एका सकाळी पुन्हा फट् झालं तेव्हा ते माइक बाजूला सारून उठले. म्हणाले, बस झालं, नाही तर नाही आवाज, खूप ओरडलो आयुष्यात. आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी त्या खोक्याला लाथ मारली. खोटं कशाला सांगू, चांगली जोरात मारली. अंगठा अजून दुखतो. आणि खरं सांगू का, तेव्हा मला तुझाही राग आला होता. वाटलं, इंजिनांचा एवढा मोठा डॉक्टर, आणि घरचं एक यंत्र धड जोडता येत नाही. मग लगेच स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक आजोबा आले, तणतणत. आठवड्यापूर्वी नवा चष्मा नेलेला. म्हणे तुमच्या काचा खराब आहेत, सगळं धुक्यातून दिसतं, पुसून पुसून रुमाल फाटला. मी चष्मा हातात घेतला, नखानं काचेची कड खरवडली, आणि वरची पातळ फिल्म अल्लाद सुटून आली. नव्या काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली असते ना, ती. देताना काढायची राहिली होती आमच्याकडून. आजोबा ओशाळले, म्हणाले, दिसली होती हो मला, पण म्हटलं राहू दे, नवं आहे.

दादा, मी तो चष्मा तसाच टेबलावर ठेवला. राहू दे, नवं आहे! हे वाक्य आपल्या घरात किती वेळा ऐकलंय आपण? सोफ्याचं प्लास्टिक बाबांनी काढू दिलं नाही, उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबरबँड. शिट्टीसुद्धा पाकिटात घालून ठेवायचे आणि तोंडानं ओरडायचे, शिट्टी नवी आहे म्हणून. तू दहावी झाल्यावर तुला घेतलेलं घड्याळ आठव. तबकडीवरची फिल्म तू काढायला गेलास, तर बाबा म्हणाले राहू दे. आणि तू राहू दिलीस. वर्षानुवर्षं. तिच्यात बुडबुडे आले, कडा काळ्या पडल्या, किती वाजले ते धड दिसायचं नाही, तरी काढली नाहीस. मी चिडवायचे, आई चिडवायची, पण घरात बाबांची ही खोड उचलली असेल तर फक्त तू. आणि माझ्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या: हाताला गार लागणारा ठोकळा, आणि लाल आकडा. दोन्ही खरे असले तर? आतल्याची आग बाहेरच्यापर्यंत पोचतच नसली तर?

मालकांना डोकं दुखतंय असं सांगून मी भर दुपारी घरी धावले. जाताना दुरुस्तीवाल्याकडून पेस्टची ट्यूब घेतली, ती उष्णता पोचवायला प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची असते. टेबलावर खोका आडवा केला, कूलरचे स्क्रू सोडवले, आणि ठोकळा उचलून उलटा केला. तळाला चकचकीत तांब्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा. व्यवस्थित, कुठे सुरकुती नाही. त्यावर लाल अक्षरात छापलेलं, बसवण्यापूर्वी काढा. पेस्ट सगळी त्या प्लास्टिकवरच फासलेली. प्रोसेसर बिचारा खाली भाजून निघत होता, वर कूलर थंड बसून पंखा फिरवत होता, आणि दोघांच्या मधे होती ती नखाएवढीही जाड नसलेली फिल्म.

बाबा मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नाही. मी ती फिल्म सोलली आणि बोटावर घेऊन वळले. त्यांनी ती बघितली. आधी फिल्मकडे, मग माझ्याकडे. त्यांना लगेच कळलं. कुणी केलं ते कळलं, आणि मलाही कळलं, हेही कळलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी कुजबुजून सांगितलं, "तो कूलर मी बसवला होता." मी म्हटलं, बाबा, तुम्ही त्या दुपारी माझ्याबरोबर स्कॅनला होता. ते म्हणाले, "मी बसवला होता. मला सवय आहे." आणि ती फिल्म माझ्या बोटावरून काढून घेऊन खिशात टाकली. दिवसभरात जेवढा आवाज शिल्लक होता तो त्यांनी त्या वाक्यांवर घालवला.

ऑपरेशन तोंडावर आलं होतं. मी कूलरचा तळ पुसला, नवी पेस्ट लावली, स्क्रू आवळले. सकाळी चहा झाल्यावर बाबा माइकसमोर बसले, घसा खाकरला, आणि संच वाचला. हवामानाबद्दलची, बाजाराबद्दलची, कुणाच्या तरी मांजराबद्दलची ती मूर्ख वाक्यं. बटण दाबलं. पट्टी सरकायला लागली. आईनं सवयीनं फ्रिज बंद केला. नेहमीच्या जागी पट्टी आली, तिथे तिनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. पट्टी पुढे गेली. मी ठोकळ्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. ऊन होता! दादा, आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट तापली म्हणून मी नाचले. जमा झालं. आई डोळ्याला पदर लावून फ्रिज सुरू करायला गेली.

पण गेलेले संच परत थोडेच येणार होते? राहिलेल्या सकाळी बाबांनी जेवढं जमेल तेवढं वाचलं, तेही बसलेल्या आवाजात. प्रोग्रामनं आवाज घडवला, पण तो पूर्ण नाही, हे तुला आत्ताच सांगते. काही शब्दांना अडखळतो. जरा सपाट आहे, बातम्या वाचल्यासारखा. पण बाबांचा आहे. खरखर आहे.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी बाईंनी फोन करून आठवण केली, की प्रोग्राममध्ये काही बटणं असतात, त्यावर माणसाची खरी वाक्यं जशीच्या तशी ठेवता येतात. जी यंत्राला कधीच जमणार नाहीत ती. बाबांनी आईसाठी ठेवलं, "अगं, ऐकलंस का?" चाळीस वर्षं याच नावानं हाक मारलीय तिला, दुसरं काय ठेवणार? माझ्यासाठी, "लवंगे, तोंड सांभाळ." मग म्हणाले, खिडक्या लावा. आई म्हणाली कशाला, तर नुसती मान हलवली. मी खिडक्या लावल्या. ते उठून उभे राहिले. माइकपासून दोन पावलं मागे गेले. तलावाच्या काठावर उभं राहायचे तसे, पाय फाकून, हात कमरेवर. डॉक्टरांनी काय बजावलंय ते मी ओरडून सांगायच्या आत त्यांनी छाती भरून घेतली आणि ओरडले, "श्वास!"

आठवतं ना? तू लहानपणी पाण्यात तोंड घातलंस की मान वळवायलाच विसरायचास. श्वास कोंडून तसाच हातपाय मारत राहायचास, आणि बाबा काठाकाठानं तुझ्याबरोबर धावत ओरडायचे. अख्खा तलाव दचकायचा, आणि तुझं तोंड पाण्याबाहेर यायचं. तोच आवाज होता, दादा. तसाच. खिडकीची काच थरथरली, कॉम्प्युटरवरचा तो आवाज मोजणारा काटा लाल टोकाला जाऊन आपटला. त्यानंतर त्यांच्या गळ्यातून काही आलं नाही. त्या दिवशी नाही, सकाळीही नाही. आत नेताना त्यांनी आईला आणि मला हात केला, तोही मुक्यानंच. म्हणजे माझ्या बाबांच्या गळ्यातून निघालेला शेवटचा शब्द तुझ्या बटणावर आहे. मला आधी हेवा वाटला. आता नाही वाटत.

आता त्यांना पाण्यात उतरता येणार नाही, गळ्याला भोक आहे ना, तिथूनच श्वास. ते ऐकून घेताना त्यांनी तोंड फिरवलं होतं, पण घरी आल्यावर लगेच कीबोर्डसमोर बसले. नव्या कीबोर्डवर ते पारदर्शक कव्हर होतं. मी म्हटलं बाबा, राहू दे का? त्यांनी माझ्याकडे बघितलं, कव्हर उचकटलं, चुरगळलं आणि केराच्या डब्यात टाकलं. आई बघतच राहिली.

तर हे पत्र रविवारसाठी आहे. या रविवारी फोन बाबा उचलणार आहेत. "हं, ठीक? आईला देतो" एवढंच बोलून फोन टाकणारे आपले बाबा, आता मला आणि आईला फोनला हात लावू नका म्हणून सांगून बसलेत. तू हॅलो म्हणशील आणि काहीच ऐकू येणार नाही. हॅलो हॅलो करून फोन कापू नकोस. लाइन गेलेली नसेल, ते एका बोटानं टाइप करत असतील. थांब. मग त्यांचा आवाज येईल आणि सांगेल, की मशीन मधे त्रास देत होतं, कूलर मीच बसवला होता, ते प्लास्टिक मीच राहू दिलं, तुझं काही चुकलेलं नाही. हे वाक्य त्यांनी आधीच टाइप करून ठेवलंय, मी बघितलंय. तू सरळ माणूस, लगेच खरं बोलायला जाशील, म्हणून एवढं सगळं लिहिलं. बोलू नकोस. "हो बाबा" म्हण. तुम्हाला सवयच आहे म्हणून चिडव. त्या दुपारी तुझं लक्ष कूलरवर नव्हतं, आमच्या परत येण्यावर होतं, हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. आणि बोलता बोलता लहानपणासारखा श्वास कोंडून गप्प बसलास, तर त्यांना इथे बरोबर कळेल. ते बटण दाबतील. फोन कानापासून जरा लांब धर, फार मोठा आवाज आहे.

तुझीच,
लवंगी